सरांच्या वहीतलं टिंब

जे आजवर आईला, बायकोला, देवापुढेही मोठ्यानं बोललो नाही, ते आधी सांगून टाकतो. कारगिलच्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या पायावर वीस किलोचा बाट पडला, असं सगळा नया बाज़ार समजतो. तो पडला नव्हता. मी तो दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलला आणि सोडला. पहिल्यांदा पाय आपोआप मागे आला, बाट नुसता फरशीवर आपटला. दुसऱ्यांदा मी पाय मागे येऊ दिला नाही.

बाट म्हणजे तराजूचं लोखंडी वजन. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत त्याला दुसरं नाव नाही.

लिहायला बसलो ते कदम सरांबद्दल, माझ्याबद्दल नाही. पण सरांबद्दल काहीही लिहायला घेतलं की मधे हा बाट येतो, आणि तो बाजूला सारून पुढे जाता येत नाही. म्हणून तो सुरुवातीलाच ठेवला.

कदम सर आम्हाला चित्रकला आणि कवायत शिकवायचे आणि आठवीचे वर्गशिक्षक होते. शाळा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, नया बाज़ारच्या मागच्या गल्लीतली, मराठी लोकांनी काढलेली. आता तिथं सगळं हिंदीत चालतं, मराठी फक्त प्रार्थनेपुरती उरली आहे. सर उंच, वाळलेले, नाकावर चष्मा आणि उजव्या कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल ते ब्लेडनं तासायचे आणि सालपटं टाकून न देता शर्टाच्या खिशात ठेवायचे. धुणं धुणाऱ्या बाई त्यावरून रोज कटकट करायच्या, असं सरच हसत सांगायचे. सायकलला घंटी नव्हती. होती ती काढून टाकली होती. आपण येतोय हे पोरांना आधी कशाला कळायला हवं, असा त्यांचा हिशेब.

घराणं साताऱ्याकडून पलटणीबरोबर आलेलं, पाच-सहा पिढ्यांपूर्वी. आमच्याकडच्या मराठा घरांत भिंतीवर एक गंजकी तलवार असते, आणि ती कुठल्या लढाईतली यावरून भावाभावांत वाद असतो. सरांच्या भिंतीवर फक्त खिळा होता. आजोबांनी तलवार विकून म्हैस घेतली, म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर घराण्याची जास्त सेवा त्या म्हशीनंच केली.

सर स्वतः फौजेत जायला निघाले होते. मुरारच्या छावणीत भरतीला धावले, उडी मारली, छाती फुगवली, सगळ्यात पास. शेवटी डॉक्टरनं पाय बघितले आणि परत पाठवलं. तळवे सपाट. हे ते वर्गात विनोद म्हणून सांगायचे, पण त्या विनोदातून एक अजब पद्धत निघाली होती. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाला ते वऱ्हांड्यात बादलीत पाय बुडवायला लावायचे आणि मग दगडी फरशीवर उभं करायचे. ओल्या पावलाचा ठसा ते उकिडवे बसून बघायचे. मधला भाग कोरडा राहिला तर पाऊल पलटणीचं. पूर्ण उमटलं तर, "हा माझ्यासारखा. मास्तर हो."

माझा ठसा त्यांनी बराच वेळ बघितला होता. ऊन होतं, तो कडेनं वाळत आला तरी बघत होते.

"चंद्रकोर आहे," ते म्हणाले. "जगताप, हे पाऊल जपून ठेव."

आता हजेरीचं सांगायला हवं, कारण कदम सर म्हणजे हजेरी. ते नंबरानं हजेरी घेत नसत. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं म्हणायचे आणि मग मान वर करून त्या मुलाकडे बघायचे. नुसतं "हजर" ऐकून काम भागत नसे. "आवाज कुणाचाही असतो. चेहरा दाखव," हे त्यांचं वाक्य. आणि जो नसेल त्याच्यापुढे ते लगेच 'गै' लिहीत नसत. कानामागची पेन्सिल काढून एक टिंब देत. ते टिंब शेवटच्या घंटेपर्यंत राहायचं. मुलगा त्याआधी आला, आणि उशीर का झाला हे स्वतःच्या तोंडानं म्हणाला, तर टिंबावर शाईनं बरोबरची खूण. बापाची चिठ्ठी, आईचा निरोप, मित्राची साक्ष, काही चालत नसे. स्वतः यायचं, स्वतः बोलायचं, शेवटच्या घंटेच्या आत. नाही आला तर संध्याकाळी ते टिंब खोडून 'गै' लिहायचे आणि ते लिहिताना कधीकधी त्यांचं तोंड असं व्हायचं, की जणू गैरहजर तेच राहिले.

त्या वर्षी वडील आजारी होते म्हणून मला काही दिवस मामांबरोबर दाल बाज़ारात जावं लागलं. मामा एका सेठच्या दुकानात तोलायचं काम करायचे. शाळेत सुभाष मानेनं माझी हजेरी लावली. सुभाष माझा शेजारी, घराचाही आणि बाकावरचाही. स्वतःचा "हजर" नेहमीच्या आवाजात आणि माझा नाकातून. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "माने, तुझ्यात दोन पोरं राहतात का?" मग टिंब दिलं, आणि मधल्या सुट्टीत हजेरीपुस्तक काखेत घेऊन सायकलवरून थेट दुकानात.

आल्या आल्या ठेचकाळले. तराजूजवळ जमिनीवर वीस किलोचा बाट होता, त्याला अंगठा लागला. चण्याच्या डाळीच्या पोत्यावर बसून अंगठा चोळत त्यांनी मामांना विचारलं, हे वाटेत कशाला ठेवता, वर फळीवर का नाही ठेवत. मामा हसले.

"मास्तरसाहेब, इतका वजनी बाट फळीवर कोण चढवणार? उतरवणार कोण? पूर्ण दाल बाज़ार फिरून या, बाट जमिनीवरच मिळेल तुम्हाला."

"हे आपल्याला सुचलं नाही," सर म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला नीट बघितलं, फळीवर काय असतं, खाली काय असतं. चित्रकलेचे मास्तर होते. कुठेही गेले तरी बघायचे.

मला कॅरिअरवर बसवून शाळेत आणलं. वर्गासमोर उभं राहून मी सांगितलं, की वडील आजारी आहेत, दुकानात होतो. टिंबावर खूण झाली. सुभाषला मात्र दोन दिवस कोंबडा बनवलं.

आम्ही दोघं अकरावीत गेलो तसं सरांनी आमचं पळणं सुरू केलं. पहाटे शाळेपासून किल्ल्याच्या चढापर्यंत. पुढे आम्ही, मागे सायकलवर सर. चढ आला की ते सायकल हातात धरून चालायचे आणि आम्हाला हिंदीत शिव्या द्यायचे. मराठीत ते कधी अरे-तुरेच्या पुढे गेले नाहीत. पळवताना मात्र हिंदी. थंडीत वर पोचल्यावर खिशातून तिळाच्या गजकचा एकेक तुकडा काढून द्यायचे, त्याला पेन्सिलीची सालपटं चिकटलेली असायची. मुरारच्या भरतीत आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो आणि पुढे एकाच पलटणीत गेलो. त्या संध्याकाळी सर आमच्या घरी पेढे घेऊन आले. आईनं पाया पडायला सांगितलं, मी वाकलो, तर ते खालीच बघत होते, माझ्या पायांकडे. कौतुकानं.

मग तो उन्हाळा आला. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी मी रजेवर होतो. लग्न होऊन मांडव उतरला आणि तार आली: रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. टीव्हीवर डोंगर दिसत होते आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या. मला भीती कशाची वाटली हे मला अजून नीट सांगता येत नाही. मरणाची, हे उत्तर सोपं आहे, पण तेवढंच नव्हतं. मी घाबरलो आहे हे सुभाषला कळेल, याची त्याहून जास्त वाटली असावी. दुपारी मामांना भेटायला म्हणून दुकानात गेलो. मामा चहाला गेले होते. सेठ कूलरसमोर झोपलेला. बाट आपल्या जागी होता.

आवाजानं सेठ जागा झाला आणि ओरडला, काय झालं. मी म्हणालो, वरच्या फळीवरून पडला. हातातून निसटला म्हटलं असतं तरी चाललं असतं, शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं. पण तो माझ्या हातात होता, हेच तोंडातून निघेना. मामा धावत आले, टेम्पोत घालून मला मुरारच्या मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. त्या गडबडीत ते फळीबद्दल काही बोलले नाहीत. नंतरही कधी नाहीत. पाऊल तीन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर, आणि नंतर घरी पडून राहायचं.

त्या दिवसांत सर काय करत होते ते सांगतो. शाळेला सुट्टी होती. आमच्या शाळेतून गेलेली चौदा मुलं तेव्हा वर्दीत होती. सरांकडे त्यांची एक वही होती, दुकानदार वापरतात तसली लांब, लाल कापडाची. सुट्टीत रोज सकाळी दहाला ते शाळेत जायचे, चपराशाकडून आठवीचा वर्ग उघडून घ्यायचे आणि रिकाम्या बाकांसमोर उभं राहून चौदा नावं वाचायचे. पूर्ण, बापाच्या नावासकट. चपराशी सगळ्यांना सांगत सुटला, की मास्तर की तबियत ठीक नहीं. मग सर सायकल काढून घरोघर जायचे. कुणाचं पत्र आलं, फोन आला, तर बरोबरची खूण. नाही तर टिंब.

सुभाषच्या आईला वाचता येत नसे. पत्र सर वाचून दाखवायचे आणि वाचता वाचता मधल्या ओळी गाळायचे. ही गोष्ट मला सुभाषनंच नंतर सांगितली. त्यानं लिहिलेलं आणि आईनं ऐकलेलं जुळतच नव्हतं. एकदा तीन आठवडे पत्र आलं नाही. सर रोज जायचे, रोज टिंब. एक दिवस त्या माउलीनं विचारलं, "मास्तर, माझ्या लेकापुढं हे काय लिहिता?"

"टिंब आहे, वहिनी."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून यायचा आहे. वाटेत आहे."

त्यांनी सरांना जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. चौथ्या आठवड्यात कळलं, की सुभाष श्रीनगरच्या हॉस्पिटलात आहे. गोळ्याचा तुकडा लागून उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

या फेऱ्यांत सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी पलंगावर होतो, पाय उशीवर. त्यांना वाटलं होतं मी कधीच निघून गेलो. दारात थबकले. आईनं रडत रडत बाटाची हकीकत सांगितली, नशिबाला शिव्या दिल्या, सेठला दिल्या. सर खुर्ची ओढून बसले. प्लास्टरकडे बघत राहिले. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्यावर हलकेच टकटक केली, दार वाजवावं तशी.

"उजवा," ते म्हणाले.

"हो सर."

"कुठून पडला म्हणालास?"

मी म्हणालो, "वरच्या फळीवरून."

आई चहा टाकायला आत गेली होती. सरांनी वही उघडली, माझं नाव पूर्ण म्हटलं, अशोक नारायण जगताप, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज आला. चहा आला, तो पिऊन ते गेले.

त्यांना तो अंगठा आठवला असेल का? फळी आठवली असेल? आठवीतली गोष्ट, पाच-सहा वर्षं झालेली, शेकडो पोरं, शेकडो दुकानं. मी आजवर दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. एक दिवस वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी वाटतं, ते फक्त सुभाषच्या काळजीत होते. कळलं असतं तर वर्षानुवर्षं दसऱ्याला शमीची पानं घेऊन ते माझ्या घरी का आले असते? चौदाही घरी जायचे ते, सोनं द्यायला. माझ्या हातात पान ठेवताना जरा थांबायचे. सगळ्यांकडेच थांबत असतील.

लढाई संपली. पाय कसाबसा जुळला, पण मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि उरलेली सगळी नोकरी मी पलटणीच्या स्टोअरमध्ये काढली. बूट, ब्लँकेट, जर्किन. पेन्शनवर आलो तेव्हा सर कधीचे रिटायर झाले होते, पण शाळेत त्यांचा शब्द चालायचा. माझ्यासाठी त्यांनी तो टाकला. ऑफिसातली ही खुर्ची, जिच्यावर मी आज बसतो, त्यांनी दिली आहे. सुभाषनं नया बाज़ारात पिठाची चक्की टाकली. दोन बोटांनी तो पोत्याचं तोंड असं बांधतो की पाचवाल्याला जमणार नाही. मला तो लंगड्या म्हणतो, चारचौघांत, प्रेमानं. आणि वर्षातून एकदा तरी, कुणीतरी पाहुणा आला की, पीठ झटकत सांगतो, "अहो, त्या चढाईत मॉर्टरचं ओझं याच्या अंगावर होतं. हा नाही म्हणून मला दिलं." मग माझ्याकडे वळून, "भैया, तुझ्या वाटणीची माझी बोटं गेली." आणि हसतो. मीही हसतो. दरवेळी हसलो आहे.

गेल्या वर्षी शाळेनं ठरवलं, की त्या लढाईच्या वेळी वर्दीत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा. मुख्याध्यापिका वैशाली मॅडम, वयानं माझ्याहून लहान, भारी उत्साही. "जगताप काका, लिस्ट आजच बनवून देऊन द्या ना, कार्ड छपायला जायचे आहेत. और हां, तुमचं नाव सबसे ऊपर." मी यादी केली. तेरा नावं लिहिली आणि पडताळायला सरांकडे गेलो.

सर पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. मुलीकडे, मंदाताईंकडे, खाली खोलीत असायचे. पायांना सूज. मी शाळेत आता हजेरी मोबाईलवर होते हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "त्यात टिंब देता येतं का?" नाही म्हणालो. "मग पोरं कुठे जातात, मधल्या वेळात?" मी यादी पुढे केली.

यादी त्यांनी भिंगातून वाचली, बोटानं मोजत.

"एक राहिलं."

मी म्हणालो, सर, मी कुठे लढाईवर होतो. मी इथंच पडलेला होतो.

हीच वेळ होती. मंदाताई वर होत्या, खोलीत आम्ही दोघंच. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, असं मी आज म्हणतो. खरोखर आलं होतं का, देव जाणे. सरांनी यादी माझ्याकडे परत दिली.

"नाव हजेरीत आहे ना? मग ते वाचायचं. हजर की गैरहजर, ते नंतर. नाव गाळायचा अधिकार मलाही नाही, तुलाही नाही."

मी चौदावं नाव लिहिलं. शेवटी.

सत्काराच्या दिवशी मैदानावर मांडव, फ्लेक्सवर आमचे सगळ्यांचे तरुणपणीचे फोटो, लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. भाषणं हिंदीत झाली. मग मॅडमनी जाहीर केलं, की कदम सर हजेरी घेतील. दोघांनी धरून त्यांना आणलं, खुर्चीत बसवलं, मांडीवर ती लाल वही, हातात शाईचं पेन. माइक खाली केला. पोरं कुजबुजत होती, ती आपोआप गप्प झाली.

एकेक नाव, बापाच्या नावासकट. माणूस उभा राहायचा, सर मान वर करून बघायचे, "हजर, सर," आणि पेन. चौदांपैकी दोघं परत आलेले नव्हते. एकासाठी भाऊ उभा राहिला, एकासाठी म्हातारी आई. तिला "हजर" म्हणता येईना. सर म्हणाले, "चेहरा दिसला, बसा." सुभाषचं नाव आलं तेव्हा त्यानं उजवा हात वर केला, दोन बोटांचा, आणि आख्खा मांडव टाळ्यांनी दणाणला. सर टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "या वेळी एकाचीच हजेरी ना रे?" माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं. सुभाष रडायला लागला, हसता हसता.

मग माझं नाव. मी उभा राहिलो. सरांनी मान वर केली. मोतीबिंदूचे डोळे, माझा चेहरा त्यांना कितपत दिसत होता, माहीत नाही. मी म्हणालो, "हजर, सर."

माझा स्वतःचा आवाज मला सुभाषच्या त्या नाकातल्या आवाजासारखा वाटला. सरांचा हात हलला. माइकचा दांडा मधे होता, काय लिहिलं ते दिसलं नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला, काचेतलं मानपत्र मिळालं. सुभाषनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "लंगड्या, आपण दोघं जगलो रे." मी त्याच्या पाठीवर थापटत राहिलो.

पावसाळ्यानंतर सर गेले, झोपेत. तेराव्यानंतर मंदाताईंनी वही शाळेत पाठवली, ऑफिसात म्हणजे माझ्याकडेच. कपाटात ठेवायच्या आधी मी ती उघडली. पानापानांत सुकलेली शमीची पानं होती. त्या उन्हाळ्याच्या हजेरीची पानं काढली. बाकीच्यांपुढे कधी ना कधी शाईची खूण झालेली, सुभाषच्या टिंबांवरही, एकेका टिंबावर, मागाहून. माझ्यापुढे त्या दिवसापासून शेवटपर्यंत पेन्सिलीचं टिंब. 'गै' कुठेच नाही. मग सत्काराचं पान. तेरा नावांपुढे निळ्या शाईची थरथरती खूण. चौदाव्यापुढे टिंब. पेन्सिलीचं.

शाई संपली असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. तेरावी खूण पहिलीइतकीच गडद आहे. मग म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला सवय असते, हात आपोआप कानाकडे जातो. असेलही. पण आधीच्या तेरा वेळा गेला नाही.

मला एवढं कळतं, की त्यांना माहीत असेल तर त्यांनी मला गैरहजर लिहायला हवं होतं, आणि माहीत नसेल तर हजर. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझ्या घरी शमीचं पान घेऊन येणारा, मला नोकरी देणारा, माझं नाव गाळू न देणारा माणूस दरवर्षी माझ्यासमोर जरा थांबत होता, आणि मी पान घेऊन आत जात होतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सत्काराच्या दिवशीच. कार्यक्रम आटोपला, मांडवात पोरं खुर्च्या गोळा करत होती. सरांना घरी न्यायला ऑटो आला. चढताना त्यांची चप्पल निघाली, मी खाली बसून ती सुजलेल्या पायात घालायला लागलो. तो सपाट तळवा पहिल्यांदाच हातात आला. ते वाकून बघत होते. त्यांच्या पायाकडे की माझ्या बुटाकडे, कळलं नाही.

"थंडीत दुखतो?" त्यांनी विचारलं.

"दुखतो, सर."

मग म्हणाले, "वाजले किती रे?"

"चार वाजलेत."

"शेवटची घंटा व्हायची आहे तर."

"हो सर."

"मग आहे वेळ," ते म्हणाले. पेन्सिल कानामागे होती, वही मांडीवर. ऑटो निघाला, गल्लीच्या वळणावर एका हातगाडीपाशी अडकला. मागच्या फटीतून त्यांचं डोकं दिसत होतं. मी धावलो असतो तर पोचलो असतो, या पायानंसुद्धा. पाच-सहा पावलं गेलोही. मग हातगाडी हलली.

सुभाष रोज सकाळी नऊला चक्की उघडतो. माझी शाळेची वाट त्याच्या दारावरूनच आहे. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. शाल आणि मानपत्र घरी कपाटावर आहेत, वही ऑफिसात आहे. सुभाषला त्याच्या तोंडावर, माझ्या तोंडानं, खरं सांगणं मी देणं लागतो. आणि त्यानंतर वहीत माझ्या नावापुढे काय लिहायचं, ते त्यानं सांगायचं आहे.